दुर्लक्षाची एकोणतीस वर्षं

११ फेब्रुवारी

चि. मनीस,

अनेक आशीर्वाद. ते आधीच देऊन टाकते, पुढे पत्रात त्यांना जागा मिळेल असं वाटत नाही.

फोन केला असता, पण फोनवर तू "आत्या, मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस. पत्राला मीटिंग नसते.

काल आमच्या गल्लीतल्या आम्ही नऊ जणी तो मोठा बंगला बघायला गेलो. तिकीट लावून उघडलाय ना आता, तोच. जिथे माझ्या बापाने, तुझ्या आजोबांनी, एकेचाळीस वर्षं माळीकाम केलं. आठवडाभर मी सगळ्यांना सांगत होते, चला, माझ्या अण्णांची बाग दाखवते, या दिवसांत तिथला गुलाब बघण्यासारखा असतो.

आधी खोल्या दाखवल्या. मालकीणबाईंचा पलंग, मालकीणबाईंची छत्री, काचेखाली मालकीणबाईंची रोजनिशी. एक पान उघडं ठेवलंय: "आज मी चाळीस गुलाब लावले." मी तेव्हा पाळण्यात होते, मी काही बघितलेलं नाही. पण एका हातात छत्री धरून चाळीस गुलाब लागत नाहीत एवढं मलाही कळतं. खड्डे कोणी खणले ते रोजनिशीत नाही.

मग बागेत आलो. गाईडबाई म्हणाल्या, "बाईसाहेबांच्या निधनानंतर एकोणतीस वर्षं या बागेकडे कोणी लक्ष दिलं नाही. शोभेच्या वाफ्यांत भाज्या लावल्या गेल्या, कारंजं बंद पडलं." आणि शेजारी पाटी, हिरव्यावर पांढरी अक्षरं: 'दुर्लक्षाचा काळ'.

मने, बाई गेल्या तेव्हापासून अण्णा निवृत्त झाले तोपर्यंत बरोबर एकोणतीस वर्षं होतात. म्हणजे दुर्लक्ष म्हणजे माझा बाप.

शेजारीण म्हणाली, "तुझे वडील इथेच होते ना गं?" मी म्हटलं, "नाही, दुसऱ्या बंगल्यात." असं बापाला नाकारून घरी आले आणि दोन वेळा जेवले नाही.

तो बंगला ज्या खात्याकडे आहे त्याच खात्यात तू आहेस. ही पाटी ज्याने लिहिली त्याला शोधून काढ आणि माझ्या वतीने चार शब्द ऐकव. शब्द कमी पडले तर कळव, माझ्याकडे साठा आहे.

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र मिळालं. तू एवढी चिडलीस याचं वाईट वाटलं.

पाटी कोणी एक माणूस लिहीत नाही. मसुदा होतो, तो समितीपुढे जातो, मग छापतात. आणि दुर्लक्ष हा शब्द एखाद्या व्यक्तीबद्दल नाही, त्या कालखंडाबद्दल आहे.

बागेचा शंभर वर्षांपूर्वीचा मूळ नकाशा आमच्या हाती लागलाय. बाग त्याप्रमाणे पूर्ववत करायची असं ठरलंय. नकाशात हिरवळ आहे, कारंजं आहे, पूर्वेच्या उंच भिंतीलगत फरसबंद वाट आहे. भाज्यांचे वाफे नाहीत आणि भिंतीवरचे अंजीरही नाहीत. त्यामुळे पाऊस संपला की तिथे काम सुरू होईल. अंजिरांचं स्थलांतर करायचा विचार आहे.

तू मनाला लावून घेऊ नकोस. सोबत दोन मोफत पास पाठवते. आणि एक विनंती, बाबांना यातलं काही सांगू नकोस. त्या बागेचं नाव काढलं की त्यांचं काय होतं, तुला माहीत आहे.

तुझी मनी


२४ फेब्रुवारी

मने,

पास परत पाठवतेय. माझ्या बापाच्या बागेत मी फुकट जाणार नाही.

कालखंडाबद्दल आहे म्हणे. कालखंड काय कुदळ घेऊन कामाला येतो?

तुमच्या नकाशात नाही ते ऐक. बाई गेल्या, वारसांनी बंगल्याला कुलूप ठोकलं आणि पाण्याचा पंप काढून नेला. राहिली एक विहीर आणि एक माणूस. कारंजं उडवायचं की झाडं जगवायची? अण्णांनी कारंज्याच्या हौदाची टाकी केली. उन्हाळ्यात रोज दीडशे बादल्या. हिरवळ जळू दिली, कारण गवत पुन्हा उगवतं. मग मोकळ्या वाफ्यात भाजी लावली, आणि पाऊस दगा देऊन गेला त्या दोन वर्षांत अर्ध्या गल्लीने भिंतीवरून ती भाजी नेली. अण्णा टोपलीला दोरी बांधून खाली सोडायचे.

ते सात अंजीर त्यांनी बाई गेल्याच्या पुढच्या वर्षी लावले. ती भिंत दिवसभर तापते म्हणून तिथे. तारा ठोकून एकेक फांदी पंख्यासारखी पसरवून बांधली. आज त्यांची मुळं भिंतीच्या पायाखाली गेलीत. स्थलांतर म्हणजे तोड, हे तुझ्या समितीला सांग.

थंडी संपता संपता अंजिराची छाटणी. माझं लग्न होईपर्यंत दर छाटणीला मी त्यांच्या हाताखाली होते. गुलाबाचा बहर ओसरला की खत. उन्हाळ्यात मुळांवर पाचोळ्याचं पांघरूण, पावसाआधी चर मोकळे. असं दुर्लक्ष एकोणतीस वर्षं करायला कंबर लागते.

बाईंना लिहिता येत होतं, म्हणून बाग बाईंची. अण्णांना येत नव्हतं, म्हणून दुर्लक्ष अण्णांचं. बरं, त्यांची नात शिकली. ती त्याच खात्यात साहेबीण झाली. आता कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ होऊ नये, एवढंच.

१४ मार्चला मी पुन्हा जाणार आहे. तिकीट काढून.

आत्या


१७ मार्च

आत्या,

परवा तू जे केलंस त्यानंतर तुला 'प्रिय' लिहायला हात उचलत नाही.

चाळीस माणसं होती. आमचे मुख्य साहेब बाहेरगावच्या पाहुण्यांना घेऊन आले होते. आणि तू पाटीपुढे उभी राहून म्हणालीस, "हे खोटं आहे, मी खरं सांगते." तू पाऊण तास अंजिराच्या छाटणीवर बोललीस. लोक लिहून घेत होते, एकाने तर तुला घरच्या लिंबाला फळ का धरत नाही ते विचारलं. साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "या बाई कोण?" मी म्हटलं, "माहीत नाही."

हो, म्हटलं. तू शेजारणीला जे सांगितलंस तसंच. आपल्या घराण्याचीच आहे मी.

आता खरं हवं आहे ना तुला? घे. ती पाटी मी लिहिली. मसुदा माझा, दुर्लक्ष हा शब्द माझा. समितीने त्याला हातसुद्धा लावला नाही.

आणि तो मी चुकून लिहिला नाही. लहानपणापासून मी एकच गोष्ट ऐकत आले. बाबा बारा वर्षांचे. दवाखान्यात आजीजवळ बसलेले, तिला श्वास घेता येत नव्हता. तू आजोबांना बोलवायला धावत गेलीस. बंगला दहा मिनिटांवर. आजोबांनी निरोप दिला, "काम उरकून येतो." आजी तीनला गेली. आजोबा साडेपाचला आले. बायको मरत होती आणि ते गुलाब कापत होते.

बाबांनी आयुष्यात साधी कुंडी आणली नाही घरात. आईने एकदा आणली तर जिन्यात नेऊन ठेवली. माझ्या आठवणीतले आजोबा म्हणजे खुर्चीत भिंतीकडे बघत बसलेला एक म्हातारा, ज्याच्याशी बाबा बोलत नसत.

त्या माणसाने बागेकडे दुर्लक्ष केलं नसेल. बाकी सगळ्याकडे केलं. पाटी लिहिताना मला बरं वाटलं होतं, आत्या. आता चार शब्द ऐकव, तुझ्याकडे साठा आहे ना?

मनी


२ मे

मने,

दीड महिना कागद पुढे घेऊन बसतेय आणि उठतेय.

त्या दिवशीची गोष्ट तुझ्या बापाने तुला सांगितली, ती त्याला मी सांगितलेली आहे. ती खोटी आहे.

त्या दिवशी मालकांचे थोरले चिरंजीव पाहुणे घेऊन आले होते. वर्षातून एकदा यायचे, गुलाब दाखवायला. त्या दिवशी नोकरांच्या घरच्यांनी नजरेस पडायचं नाही, असा दंडक. मागच्या दाराला कुलूप. मी पुढच्या फाटकाशी गेले. पहारेकरी म्हणाला, "आज आत कोणी नाही." मी म्हटलं, "अण्णांना बोलवा. आईला बरं नाही." तो म्हणाला, "बरं नाही तर डॉक्टरकडे जा. माळी काय औषध देणार?" मोटारीतून दोघं उतरत होते, ते हसले.

मी सोळा वर्षांची होते. अनवाणी धावत आलेली, अंगावर घरातले कपडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'मरतेय' हा शब्द त्या लोकांसमोर तोंडातून निघाला नाही.

गजांमधून अण्णा दिसत होते. पन्नास पावलांवर. पाहुण्या बायका फुलं कापत होत्या आणि अण्णा मागे टोपली घेऊन चालत होते. एक हाक पुरली असती. मी मारली नाही. पाहुणे आत जातील मग मारू, म्हणून समोरच्या फुटपाथवर तासभर उभी राहिले. ते आत गेलेच नाहीत. मी परत फिरले. तुझ्या बापाने विचारलं, "अण्णा कुठे?" मी म्हटलं, "काम उरकून येतो म्हणाले."

अण्णांना सव्वापाचला फाटकाबाहेर कोणीतरी सांगितलं. ते धावत आले तेव्हा हातात तीच टोपली होती. तुझा बाप त्यांच्या अंगावर गेला. "ताईने बोलावलं तरी तुम्ही आला नाहीत." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग त्याला म्हणाले, "काम होतं."

पुढे अठ्ठावीस वर्षं जगले. ते दोन शब्द त्यांनी बदलले नाहीत. मीही बदलू दिले नाहीत. आधी भीती होती, मग सवय झाली, मग इतकी वर्षं झाली की आता कसं सांगायचं.

मला त्या पहारेकऱ्याचा राग येतो. हसणाऱ्या दोघांचा येतो, त्या फाटकाचा येतो. सगळ्यांत जास्त कोणाचा येतो ते वेगळं लिहायला नको.

आत्या


१९ जून

आत्या,

तुझं पत्र वाचून मी ते कपाटाच्या वरच्या खणात भिरकावलं आणि महिनाभर त्या कपाटाकडे बघितलं नाही.

तुझ्या एका खोट्यावर बाबांनी आयुष्य काढलं, आणि मी त्यावर पाटी उभी केली. सरकारी खर्चाने. तू बंगल्यात मला शिकवायला आलीस, "हे खोटं आहे" म्हणून. कोणत्या तोंडाने गं?

बाबांना मी सांगणार नाही. ते काम माझं नाही.

कामाचं लिहिते. मी साहेबांना म्हटलं, अंजीर काढू नयेत, ती तीस वर्षंही इतिहासच आहेत. ते म्हणाले, "पुरावा?" विहीर, बादल्या, भाजी, कशाचाच कागद नाही. त्या काळी त्या बागेत वावरलेल्या दोन माणसांचं सहीनिशी निवेदन दिलं तर समिती विचार करेल, पंधरा सप्टेंबरच्या आत. एक तू. दुसरा माणूस एकच उरलाय, आणि त्याची सही मिळवायची तर त्याला आधी काय सांगावं लागेल ते तुला ठाऊक आहे.

निवेदनाचा कागद सोबत आहे. जा.

मनी


८ जुलै

मने,

गेले होते.

तुझी आई बाहेर गेली होती, ते बरं झालं. तुझा बाप कोणाचं तरी शिलाई मशीन उघडून बसला होता, तेल देत. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसले असते तर सांगितलं नसतं. त्याने मान वर केली नाही. सांगून झालं तेव्हा म्हणाला, "फाटकाशी किती वेळ होतीस?"

"तासभर."

"आणि मला ते सांगितलंस."

"हो."

"माझ्या लग्नात मी त्यांना पुढे बसू दिलं नाही."

"माहीत आहे."

"तू तिथेच होतीस."

"होते."

मग त्याने सुटे केलेले स्क्रू एकेक करून डबीत टाकले. फार सावकाश. म्हणाला, "शेवटच्या आजारात मी चार वेळा गेलो त्यांच्याकडे. एकूण चार. पाच मिनिटं झाली की उठायचो. ते म्हणायचे, बस की जरा. मी म्हणायचो, काम आहे. मुद्दाम म्हणायचो. त्यांना लागावं म्हणून."

मी डबीचं झाकण त्याच्याकडे सरकवलं.

"आणि ते हसायचे," तो म्हणाला. "मला वाटायचं, निर्लज्ज आहे म्हातारा."

मी निवेदनाचा कागद पुढे केला. त्याने तो घडी करून माझ्याच पिशवीत परत घातला. म्हणाला, "ऊठ. माझ्या घरातून जा." मी उभीच होते.

माझी सही केलेली आहे. एकाच सहीचा कागद पाठवतेय. दुसरीची वाट बघू नकोस.

आत्या


३ ऑक्टोबर

आत्या,

एका सहीचं निवेदन समितीने फेटाळलं. साहेब म्हणाले, "एका बाईची आठवण म्हणजे पुरावा नाही." २४ सप्टेंबरला खोदाईचं यंत्र आलं. जेवणाच्या सुट्टीआधी तीन अंजीर गेले. स्थलांतर वगैरे काही नाही. तू म्हणाली होतीस तसंच झालं, मुळं निघालीच नाहीत. मी उभी राहून बघत होते. कामाच्या आदेशावर माझी सही आहे.

जेवून परत आले तर यंत्र बंद आणि ड्रायव्हर चहाला गेलेला. चौथ्या झाडापुढे, दोरीच्या आत, एक माणूस उपड्या बादलीवर बसून पेपर वाचत होता. बाबा.

मी म्हटलं, "तुम्ही इथे कसे?"

"तिकीट काढून," ते म्हणाले. "पाच वाजेपर्यंत चालतं."

"दोरीच्या आत बसता येत नाही, बाबा."

"मग पोलीस बोलाव."

साहेब आले. त्यांनी मला विचारलं, "हे कोण?" मार्चमध्ये विचारलं होतं तसंच. या वेळी मी सांगितलं. हे माझे वडील, ही झाडं माझ्या आजोबांची, मार्चमध्ये इथे बोलत होत्या त्या माझ्या आत्या, आणि ही पाटी मी लिहिलीय, ती चुकीची आहे. साहेब म्हणाले, "हे तुम्ही आधी का नाही बोललात?"

बाबांनी निवेदन मागितलं. समितीने परत केलेलं ते माझ्या पर्समध्येच होतं. तिथेच पेपरवर ठेवून सही केली, इतकी जोरात की कागद फाटता फाटता राहिला. मला म्हणाले, "ही त्यांच्यासाठी आहे. तिला सांगू नकोस." पाच वाजता उठले, बादली जागेवर ठेवली आणि बसस्टॉपकडे चालू लागले. माझ्याशीही नीट बोलले नाहीत. पाटीचं त्यांना त्या दिवशीच कळलं.

दुसरी सही आली म्हणून समितीला पुन्हा विचार करावा लागला, चार अंजीर राहिले. वाट आता त्यांना वळसा घालून जाईल. नवी पाटी मी अशी लिहून दिली: "या बागेची एकोणतीस वर्षं एका माळ्याने एकट्याने राखण केली. दुर्लक्ष मालकांचं होतं, त्याचं नव्हतं." साहेबांनी दुसरं वाक्य खोडलं. मी भांडले. माझी बदली रेकॉर्ड रूममध्ये झाली आहे. इथे झाडं नाहीत, फक्त ज्यांना लिहिता येत होतं त्यांचे कागद आहेत.

माझा राग गेलेला नाही, आत्या. तुझ्यावरचाही आणि माझ्यावरचाही. पण पत्राची सुरुवात पुन्हा 'प्रिय'ने करावी असं लिहिताना दोनदा वाटलं, हे तुला कळावं.

मनी


१६ जानेवारी

ताई,

सही केल्याचं तुला सांगू नकोस असं मनीला म्हटलं होतं. तिने सांगितलंच असणार. तिच्या पोटात काही राहत नाही. तुझ्यासारखी नाही ती.

मी तुला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. सेहेचाळीस वर्षं हा काही लहान हिशेब नाही, आणि ज्यांच्याशी तो मिटवायचा होता ते आता नाहीत.

गेले तीन रविवार मी तिथे जातोय. तिकीट काढतो, बघतो, येतो. त्यांनी ठेवलेल्या नव्या माळ्याला फळाची फांदी कुठली आणि नुसती वाढ कुठली ते कळत नाही. परवा चौथ्या झाडाची चांगली फांदी बुडातून उडवली त्याने. मी बोललो तर म्हणाला, "तुम्ही करून दाखवा." मला येत नाही. मला अण्णांनी शिकवायला बोलावलं तेव्हा मी गेलो नाही.

तुला येतं.

मी तिथल्या ऑफिसात विचारून आलोय. येत्या रविवारी सकाळी आठला छाटणीला परवानगी आहे. कात्री तुझी आण, त्यांची बोथट आहे. शिडी मी धरीन. गुडघे दुखतात म्हणून सबब सांगू नकोस, वर चढायला लागणार नाही, दोन पायऱ्या पुरतील.

मी बोलणार नाही. तूही बोलू नकोस. कुठे कापायचं तेवढं माळ्याला सांग, मी ऐकेन.

धाकटा